बिडाचा पाइप: हलका की जड

काटेकोरांच्या मागच्या खोलीला जोडून एक न्हाणीघर काढायचं, काम एवढंच होतं. सहा फूट बाय चार फूट. जागा होती, भिंत होती, भिंतीत पाण्याची जोडणी होती, आणि सांडपाणी नेणारा चार इंची पाइप तर खोलीच्या खिडकीला जवळजवळ खेटूनच चौथ्या मजल्यापर्यंत चढला होता. प्लंबरने खोलीच्या मधोमध उभं राहून एकदा डावीकडे पाहिलं, एकदा उजवीकडे पाहिलं आणि तो म्हणाला, "चार दिवसांचं काम." जगात आजवर ज्या ज्या कामाला कुणी चार दिवसांचं म्हटलं, त्यांची यादी अजून झालेली नाही. करायला घेतली तर तेही चार दिवसांचंच काम आहे.

काटेकोर हे त्यांचं आडनाव नव्हे. वजनमापे खात्यात चौतीस वर्षं निरीक्षक म्हणून काढल्यावर त्यांच्या खऱ्या आडनावाची आठवण फक्त वीजबिलाला राहिली होती. निवृत्तीनंतरही ते साखरेचा चमचा डब्याच्या काठावर सपाट करून मगच चहात घालत, आणि पाहुण्याने दोन चमचे म्हटलं की दोनच घालत.

न्हाणीघर अक्कासाठी होतं. अक्का म्हणजे त्यांची मोठी बहीण, त्यांच्याहून अकरा वर्षांनी मोठी. शिवणयंत्रावर चाळीस वर्षं गावभरच्या मुलांचे शाळेचे गणवेश शिवून तिने या भावाला शिकवलं होतं. आता ती गावातच दुसऱ्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एकटी राहत होती, जिन्यात पडून गुडघा दुखावून बसली होती, आणि डॉक्टरांनी जिना बंद केला होता. भावाला न विचारता तिने एका वृद्धनिवासात नाव घातलं. तिथली एक खोली रिकामी होत होती. हो की नाही ते वीस तारखेपर्यंत कळवायचं होतं.

"अक्का, माझं घर तळमजल्यावर आहे," काटेकोर फोनवर म्हणाले. "मागची खोली रिकामी आहे. हे वृद्धनिवास कुठून काढलंस?"

"येईन रे बाळ्या," अक्का म्हणाली. बासष्टाव्या वर्षी त्यांना बाळ्या म्हणणारं जगात एवढंच माणूस उरलं होतं. "पण तुमच्याकडे न्हाणीघर एक, माणसं तीन, आणि मला आत जाऊन बाहेर यायला अर्धा तास लागतो. सकाळी सातला तुझी मुलगी दाराबाहेर टॉवेल घेऊन उभी आणि आत मी चष्मा शोधतेय, हे मला जमायचं नाही. शाळा उघडायच्या आदल्या दिवशी एकही गणवेश माझ्याकडे राहिला नाही कधी. कुणाला ताटकळत ठेवायची सवय नाही मला."

"आणि वेगळं न्हाणीघर झालं तर?"

"तर बघू."

अक्काचं 'बघू' म्हणजे हो, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. पण काटेकोरांचा जन्म मोजमापात गेलेला. 'बघू' हे कुठल्याच कोष्टकातलं माप नव्हे. त्या दिवशी तीन तारीख होती. त्यांनी त्याच दुपारी प्लंबरला बोलावलं, आणि प्लंबर चार दिवसांचं काम म्हणाला. खिडकीतून हात बाहेर काढून त्याने पाइपवर टिचकी मारली आणि हात झटकन आत घेतला.

"बिडाचा आहे," तो म्हणाला.

"मग?"

"साहेब, प्लास्टिकचं बरं असतं. कापलं, जोडलं, चिकटवलं. बीड म्हणजे ओतीव लोखंड. दिसायला पैलवान, पण भलत्या जागी दणका बसला की काचेसारखं तडकतं. त्यात हलका, मध्यम, जड असे तीन वर्ग येतात. आतून सगळे चार इंची, पण बाहेरचा घेर वर्गाप्रमाणे वेगळा. घेराप्रमाणे जोड. हलक्यावर जडाचा जोड चढवला, तर वरच्या चार मजल्यांचं सगळं..." त्याने काटेकोरांच्या बायकोकडे पाहिलं आणि वाक्य आवरतं घेतलं. "तर बरं नाही."

"मग हा कुठल्या वर्गातला?"

"ते तुम्ही सांगायचं. नगरपालिकेच्या फॉर्मावर रकाना आहे त्याचा."

रकाना होता. मलनिस्सारण विभागाच्या फॉर्मावर सातव्या क्रमांकाचा. 'अस्तित्वातील नळाचा वजनवर्ग.' काटेकोरांनी प्रामाणिकपणे तिथे 'अज्ञात' असं लिहिलं आणि पाच तारखेला खिडकीतून फॉर्म आत सरकवला. खिडकीमागच्या कारकुनाने तो तितक्याच शांतपणे बाहेर सरकवला.

"अज्ञात हा वर्ग तक्त्यात नाही," तो म्हणाला.

दुसरा कुणी असता तर भडकला असता. काटेकोरांना मात्र त्या कारकुनाबद्दल आदरच वाटला. याच कारणाने त्यांनी स्वतः चौतीस वर्षांत इतके फॉर्म परत केले होते की ते एकावर एक रचले असते तर चौथ्या मजल्यापर्यंत गेले असते. त्यांनी तक्त्याची प्रत मागून घेतली, घडी न घालता घरी आणली आणि जेवणाच्या टेबलावर पसरली. बायकोने ताटं सरकवून जागा केली. लग्नाला पस्तीस वर्षं झाली होती. कागद आला की ताटं सरकतात हे तिला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी बातमी चारही मजल्यांवर पोहोचली. पहिल्या मजल्यावर एक निवृत्त कंपाउंडर राहत. आयुष्यभर डॉक्टरांच्या शेजारच्या टेबलावर बसून ज्ञान मिळवल्यामुळे ते डॉक्टरांपेक्षा जास्त खात्रीने बोलत. "आवाजावरून कळतं," ते म्हणाले. "छाती आणि पाइप, तत्त्व एकच." दुसऱ्या मजल्यावरच्या गाण्याच्या बाई म्हणाल्या, "आवाजाचं असेल तर मला बोलवा. कंपाउंडरसाहेबांना खोकल्यापलीकडचा आवाज कळत नाही." तिसऱ्या मजल्यावर इमारतीचे चेअरमन राहत. कुठलाही विषय निघाला की 'माझी हरकत नाही, पण' अशी सुरुवात करत, म्हणून त्यांना सगळे हरकतनाही म्हणत. ते म्हणाले, "माझी हरकत नाही, पण वाजवताना फुटला तर?"

शेवटी जिन्याखाली नोटीस लागली. काटेकोरांच्याच अक्षरात: 'रविवारी सकाळी १०.०० ते १०.३० या वेळेत पाइपची श्रवणचाचणी असल्याने कोणीही फ्लश किंवा मोरीचे पाणी सोडू नये.'

रविवारी दहा वाजता सगळे मागच्या अंगणात जमले. काटेकोरांनी बायकोकडून लाटणं मागून आणलं. "ते आता स्वयंपाकघरात परत येणार नाही, एवढं लक्षात ठेवा," ती म्हणाली. लाटण्याने पाइपवर ठोके पडू लागले. गाण्याच्या बाई डोळे मिटून उभ्या. कंपाउंडरसाहेबांनी जुना स्टेथोस्कोप कानाला लावून दुसरं टोक पाइपला चिकटवलं.

"घशात बसलाय आवाज," बाई म्हणाल्या. "उघडा लागत नाही. भरदार अंगाचा आहे. जड."

"आत गाळ धरलाय म्हणून बसलाय," कंपाउंडर म्हणाले. "कफ झालेला माणूस जाड असतो का? हलका आहे. श्वास बघा ना किती..."

दहा वाजून चौदा मिनिटांनी तिसऱ्या मजल्यावर फ्लश ओढला गेला. चार इंची पाइपमधून तीन मजले उतरणारं पाणी स्टेथोस्कोपमधून कसं ऐकू येतं, हे आता जगात एकाच माणसाला माहीत आहे. कंपाउंडरसाहेब दोन पावलं मागे गेले आणि कुंडीत बसले. पुढचे दोन दिवस काहीही विचारलं तरी ते "आं?" म्हणत होते.

हरकतनाही थोड्या वेळाने खाली आले. "नोटिशीला माझी हरकत नव्हती," ते म्हणाले, "पण पोटाला वाचता येत नाही."

काटेकोरांनी लाटणं खाली ठेवलं. ऐकीव गोष्टींवर विश्वास ठेवला हीच चूक होती, असं त्यांनी स्वतःला बजावलं. आयुष्यभर जे केलं तेच करायला हवं होतं. मोजायला हवं होतं.

सोमवारी त्यांनी मोजलं. मोजलं म्हणजे लोक मोजतात तसं नव्हे. कागदाची अरुंद पट्टी पाइपभोवती घट्ट गुंडाळायची, टोकं जिथे भेटतात तिथे बारीक टोकाच्या शिसपेन्सिलीने खूण करायची, पट्टी टेबलावर सपाट ठेवायची आणि पोलादी पट्टीने वाचायची. तीन उंचींवर, प्रत्येक उंचीवर तीनदा. नऊ आकडे, त्यांची सरासरी. पाइप हिरवागार, तुकतुकीत होता. पट्टी कुठे अडखळली नाही. सरासरी तक्त्यातल्या जड वर्गाशी जुळली, एका मिलिमीटरचाही फरक नाही. इतका सुंदर जुळणारा आकडा त्यांनी सेवेत असतानाही क्वचित पाहिला होता.

चार वाजता अक्काचा फोन आला. ती रोज चारला फोन करे. "काय म्हणतो तुझा पाइप?"

"जड निघाला."

"तुझ्यासारखाच," अक्का म्हणाली. "बारीकसारीक गोष्टीला हलायचं नाही."

मंगळवारी रकाना क्रमांक सातमध्ये 'जड' असं लिहून फॉर्म आत गेला आणि आतच राहिला. शिक्का बसला. गोष्ट इथेच संपायला हवी होती. वीस तारखेला अजून अकरा दिवस होते आणि चार दिवसांचं काम अकरा दिवसांत होऊ शकतं, असं मानणारी माणसं आहेत.

पण चौतीस वर्षांत काटेकोरांनी एकाच कसोटीवर एकही काटा पास केला नव्हता. दोन दिवस त्यांना झोप नीट लागली नाही. तिसऱ्या सकाळी ते अंगणाच्या कोपऱ्यात जाऊन उभे राहिले. तिथे कुंपणाच्या भिंतीलगत त्याच पाइपचा एक सहा फुटी तुकडा इमारत बांधल्यापासून पडून होता. बिनरंगी, गंजलेला, अर्धा मातीत.

"एकदा मोजलंत ना?" खिडकीतून बायको म्हणाली.

"घेर मोजला. वर्ग वजनाचा आहे. वजन कुठे केलंय?"

बायकोने खिडकी लावून घेतली.

तुकडा उकरला, आतली माती काढली, काथ्याने घासला. मग कंपाउंडरसाहेबांनी पुढचं टोक खांद्यावर घेतलं, काटेकोरांनी मागचं, आणि दोघं बाजारपेठेतून भंगारवाल्याच्या दुकानाकडे निघाले. कंपाउंडर प्रत्येक ओळखीच्या माणसाशी बोलायला वळत, आणि ते वळले की मागचं टोक काटेकोरांना घेऊन विरुद्ध दिशेला जाई. अशा रीतीने काटेकोर एका फळवाल्याच्या, एका चष्म्याच्या दुकानाच्या आणि एका बँकेच्या दारात जाऊन आले.

भंगारवाल्याने त्यांना पाहिलं आणि तो उठून उभा राहिला. वीस वर्षांपूर्वी त्याच्या काट्याच्या तागडीखाली चिकटवलेलं चुंबक याच साहेबांनी काढलं होतं आणि सगळ्या गल्लीसमोर काटा जप्त केला होता.

"साहेब, आता काय चुकलं?" तो म्हणाला.

"काही नाही. हे वजन करून हवंय."

भंगारवाल्याने आधी पाइपकडे, मग साहेबांकडे, मग साहेबांच्या गुडघ्यावरच्या मातीकडे पाहिलं. त्याचा चेहरा हळूहळू फुलत गेला, आणि त्या फुलण्यात कुठेही कुचेष्टा नव्हती, हे काटेकोरांना जास्त लागलं. "बसा साहेब. पाणी घ्या. दिवस सगळ्यांवर येतात," तो म्हणाला. "तुमच्यासाठी भाव वाढवून देईन."

"विकायचा नाही. फक्त वजन."

"फक्त वजन," भंगारवाला समजूतदारपणे म्हणाला. काटेकोरांनी खिशातून एक किलोचं पितळी वजन काढलं तेव्हा मात्र तो हसला. "लावा, लावा. तुम्ही त्या दिवशी गेलात तेव्हापासून हा काटा सरळ आहे. भीतीने म्हणा. पण सरळ ठेवल्यावर गिऱ्हाईक वाढलं, ही गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली होती."

काटा खरोखरच सरळ होता. आणि त्या सरळ काट्याने सांगितलं की पाइप हलक्या वर्गाचा आहे. थोडाथोडका नव्हे, जडापासून कितीतरी लांब.

घेर म्हणत होता जड. वजन म्हणत होतं हलका. दोन्ही मापं काटेकोरांची होती आणि दोन्ही बरोबर होती.

बारा तारखेला ते पुन्हा खिडकीवर गेले. सातवा रकाना बदलून हवा होता. कारकुनाने फॉर्म शोधून काढला, चष्मा वर केला. "जडचा हलका? तीन दिवसांत वजन उतरलं?" मागच्या टेबलावर कुणीतरी हसलं. काटेकोरांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. आपण इतक्या वर्षांत असं कुणाला हसलो का, ते आठवून पाहू लागले, आणि आठवलं तेव्हा अजून तापल्या. "आता असं करायचं," कारकून मऊ आवाजात म्हणाला. "एकोणीसला इंजिनिअर बाई जागेवर येतील. त्यांच्यासमोर जे माप लागेल ते कायम. मात्र तेव्हाही दोन उत्तरं आली तर अर्ज रद्द, आणि नवीन अर्ज सहा महिन्यांनी."

एकोणीस आणि वीस यांच्यात एक रात्र असते. काटेकोरांनी घरी येऊन कॅलेंडरकडे पाहिलं आणि कुणाला न सांगता ते मागच्या खोलीत जाऊन बसले. खोलीत अक्कासाठी घेतलेला पलंग येऊन पडला होता. त्यावर अजून गादी नव्हती.

इमारतीत तोवर दोन पक्ष पडले. गाण्याच्या बाई जडवाल्या, कंपाउंडर हलकेवाले. हरकतनाहींचं म्हणणं होतं की अंगणातला तुकडा या पाइपचा नसून दुसऱ्याच इमारतीचा असावा. त्यांची त्याला हरकत नव्हती, पण पुरावा काय? प्लंबर एक दिवसाआड येऊन विचारी, "साहेब, जोड कुठला आणू?" आणि काटेकोर म्हणत, "थांब." जिन्यात भेटणारा प्रत्येक माणूस हळू आवाजात विचारी, "काय, हलका का जड?" घरात आजारी माणूस असल्यासारखं.

सतरा तारखेला चार वाजता फोन वाजला.

"काय म्हणतो तुझा पाइप?"

इतके दिवस काटेकोर "होईल, होईल" म्हणत आले होते. आज त्यांना ते जमलं नाही. त्यांनी सगळं सांगितलं. लाटणं, कागदाची पट्टी, भंगारवाला, खिडकी. सांगता सांगता त्यांचा आवाज लहान होत गेला. "अक्का, मला मोजता येईना झालंय," ते म्हणाले. "चौतीस वर्षं दुसऱ्यांची मापं तपासली. आता एक पाइप मोजता येत नाही."

पलीकडे खुर्ची पुढे ओढल्याचा आवाज आला.

"घेर कशावरून घेतलास?"

"कशावरून म्हणजे? पाइपवरून."

"बाळ्या, हिवाळ्यात आया पोरांना माझ्याकडे माप द्यायला आणायच्या. आत दोन स्वेटर घातलेले असायचे. त्यावरून शिवलं की उन्हाळ्यात सदरा खांद्यावरून खाली. म्हणून मी आधी पोराला उघडं करायची, मग टेप लावायची. तुझ्या पाइपच्या अंगात काय आहे?"

"पाइपच्या अंगात काय असणार! बीड आहे. वर फक्त रंग..."

काटेकोर थांबले.

ते अठरा वर्षं या इमारतीचे सेक्रेटरी होते. दर उन्हाळ्यात न चुकता त्यांनी तो पाइप रंगवून घेतला होता. रंगारी एक हात म्हणाला तर त्यांनी दोन मारायला लावले होते, स्वतः उभं राहून. शेजारच्या इमारतींचे पाइप गंजून गळत होते तेव्हा लोक हा पाइप बघायला येत. अठरा वर्षं, दोन हात. त्यांनी मोजला तो पाइप नव्हताच. नऊ आकड्यांची सरासरी काढून, मिलिमीटरपर्यंत अचूक, त्यांनी स्वतःचा व्यवस्थितपणा मोजला होता.

शेजारी बसलेल्या मुलीने त्यांचा चेहरा पाहून पाण्याचा पेला आणला.

"खरवड तो रंग," फोनमधून अक्का म्हणत होती.

"तू ये."

"मी कशाला?"

"माप घ्यायला. माझ्या मापावर इथे कुणाचा विश्वास नाही उरला." त्यांनी पाण्याचा घोट घेतला. "माझाही नाही."

अक्काने कॅलेंडर पाहिलं असावं. मग म्हणाली, "उद्या सकाळी येते. पाच वाजता परत निघेन. वीसला मला वृद्धनिवासात होकार कळवायचाय, माझी कागदपत्रं इकडे आहेत."

ती जिना बसत बसत उतरून टॅक्सीने आली. एका हातात काठी, दुसऱ्या हातात छोटी पर्स, आणि पर्समध्ये चष्मा, टेप आणि शिंप्याच्या खडूचा एक तुकडा. खडू कशाला, असं काटेकोरांच्या बायकोने विचारलं तर म्हणाली, "टेप निघाला की तो आपला निघतोच." अंगणात पाइपसमोर खुर्ची मांडली होती. ती बसली आणि पाइपकडे अशी पाहू लागली की पाइपने सरळ उभं राहावं.

खरवडायला प्लंबर लोखंडी पट्टी घेऊन आला. त्याने हात उचलला, एवढ्यात हरकतनाही जिन्यातून आले. "माझी हरकत नाही, पण पाइप सामायिक मालमत्ता आहे. ठराव लागेल."

"मग करा," अक्का म्हणाली. "सगळे इथेच तर आहेत. काम नसलं की माणसं पुरेशी जमतात."

ठराव झाला. एकमताने, हरकतनाहींची हरकत नव्हती.

रंग सहजासहजी सुटला नाही. जुन्या झाडाच्या सालीसारखे जाड पापुद्रे निघू लागले. त्यांच्या कडेला रेघा होत्या. हिरवा, हिरवा, राखाडी, मग एक मळकट गुलाबी.

"हा गुलाबी कुठला?" काटेकोर खजील होऊन म्हणाले.

"मुलगी शाळेत गेली त्या वर्षीचा," बायको म्हणाली. "रंगाऱ्याने डबा चुकीचा आणला होता. तुम्ही दुसऱ्या हाताला येऊन उभे राहिलात, तेव्हा पहिला सगळा मारून झाला होता. दोन दिवस जेवला नाहीत."

कंपाउंडरसाहेब थर मोजत होते, छत्तिसाव्यापर्यंत येत होते आणि विसरत होते. दुपार उतरली. गाण्याच्या बाई अक्काशेजारी स्टूल घेऊन बसल्या.

"तुमच्या भावाने आमचं पाणी बंद केलं होतं बरं का, अर्धा तास," त्या म्हणाल्या. "अख्खी इमारत नळाला हात न लावता उभी."

"कशासाठी?"

"तुमच्यासाठी! न्हाणीघरासाठी."

अक्काने काटेकोरांकडे पाहिलं. "बाळ्या, चार मजले ताटकळत ठेवलेस?"

"एक मजला नाही थांबला," काटेकोर म्हणाले.

अक्का हसली. बऱ्याच दिवसांनी हसली असावी, कारण हसता हसता तिला खोकला आला, आणि कंपाउंडरसाहेब लगबगीने स्टेथोस्कोप आणायला गेले.

पाच वाजता टॅक्सीने फाटकाशी हॉर्न दिला. पाइप तीन बाजूंनी उघडा झाला होता. चौथ्या बाजूला, भिंतीकडे, पट्टी जात नव्हती. पूर्ण वळसा उघडा झाल्याशिवाय टेप लावण्यात अर्थ नव्हता. सगळे अक्काकडे पाहू लागले.

"अर्धं माप घेऊन कुणी जातं का?" ती टॅक्सीवाल्याच्या दिशेने काठी हलवत म्हणाली. "उद्या या."

पलंगावर गादी आली. सकाळी अक्का न्हाणीघरात पस्तीस मिनिटं होती. मुलगी वर कंपाउंडरसाहेबांच्या घरी अंघोळ करून, ओल्या केसांनी खाली आली आणि बाहेरूनच ओरडली, "आत्या, येते गं. आज वरच्यांकडे पाणी गरम होतं, आपल्यापेक्षा बरं."  आत नळाचा आवाज जरा वेळ थांबला.

इंजिनिअर बाई अकराला आल्या. तरुण, घाईत, काखेत फायली. तोवर प्लंबरने करवतीच्या पात्याने भिंतीकडचा रंगही काढला होता, आणि पाइपला एक हातभर उघडा, काळसर, गुळगुळीत पट्टा झाला होता. अक्काने टेप काढला. चाळीस वर्षं वापरून त्याचे आकडे पुसट झाले होते. कापडी टेप वापरून सैल होतो, दर वर्षी तपासून घ्यावा, असं परिपत्रक काटेकोरांनी स्वतः काढलं होतं. त्यांचा हात खिशातल्या पोलादी पट्टीकडे गेला. तो तिथेच थांबला, आणि खिशातून रिकामा बाहेर आला.

अक्काने टेप लावला. न आवळता, न सैल सोडता, एक बोट आत घालून पुन्हा काढलं, आणि आकडा सांगितला.

काटेकोरांना तक्ता पाहायची गरज नव्हती. "हलका," ते म्हणाले.

इंजिनिअर बाईंनी आपलं यंत्र लावलं. पाहिलं. पुन्हा लावलं. "हलकाच," त्या म्हणाल्या. "पाइप धरणारे ब्रॅकेट बारीक आहेत, कापताना वरचा भार धरून घ्या. जोड हलक्याचा. मंजूर." कंपाउंडरसाहेबांनी गाण्याच्या बाईंकडे पाहून मान लववली. बाई म्हणाल्या, "इतके थर चढवल्यावर कुणाचाही आवाज बसेल."

प्लंबर जोड आणायला पळाला. इंजिनिअर बाईंनी फॉर्म फाइलवर ठेवून लिहायला सुरुवात केली. "माप कुणी घेतलं? ज्याने घेतलं त्याचीच सही लागते."

सगळ्यांनी अक्काकडे बोट दाखवलं. काटेकोरांनीही.

तिने चष्मा लावला आणि सावकाश, अक्षर लावून सही केली.

"पत्ता सांगा आजी."

अक्काने पेन बोटांत तसंच धरून ठेवलं. वर गाण्याच्या बाईंची एक शिष्या रियाजाला बसली होती. काटेकोर आपल्या चपलांकडे पाहत होते.

"तळमजला," अक्का म्हणाली आणि इमारतीचा क्रमांक सांगितला. "मागची खोली."

इंजिनिअर बाईंनी कागद चाळले. "मागची खोली नोंदीत स्वतंत्र राहती म्हणून नाहीये."

"मग घाला नोंदीत," अक्का म्हणाली. "मी राहतेय."

खाली आणखी एक ओळ होती, मदतनिसाच्या सहीची. काटेकोरांनी ती केली. चौतीस वर्षं त्यांची सही प्रत्येक कागदावर सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात मोठी असायची. ही इतकी लहान आली की इंजिनिअर बाईंनी कागद डोळ्यांजवळ नेला.